स्टिरिओ छायाचित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. बोट जागचं हललेलं नसतं, तरी मागच्या भिंतीवर ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला उडी मारतं. आता दोन्ही डोळे उघडा. उडी थांबते, आणि बोट भिंतीच्या किती पुढे आहे हे न मोजता कळतं. पुढची सगळी उत्तरं या एका उडीभोवती फिरतात.

गेली बरीच वर्षं मी जोडीचे फोटो काढते आणि भेटेल त्याला दाखवते. बघणारे जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

स्टिरिओ फोटो म्हणजे नेमकं काय?

एकाच दृश्याचे दोन फोटो. एक डाव्या डोळ्याच्या जागेवरून काढलेला, दुसरा उजव्या. माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण ६५ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना जग किंचित वेगळं दिसतं. डावा फोटो फक्त डाव्या डोळ्याला आणि उजवा फक्त उजव्याला दाखवायची सोय केली, की मेंदू दोन्ही जुळवतो आणि सपाट कागदाच्या जागी खोली उभी राहते. ही खोली दोन्ही फोटोंपैकी एकातही नसते. ती बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होते, आणि मला या कलेचं वेड लागलं ते याच कारणाने.

हा शोध कॅमेरा आल्यानंतरचा ना?

नाही, आधीचा. चार्ल्स व्हीटस्टन हे लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी जून १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दोन डोळ्यांच्या दृष्टीवरचा निबंध मांडला. फ्रान्सच्या दागेर यांचं छायाचित्रणाचं तंत्र जगाला कळलं ते १८३९ मध्ये. म्हणजे फोटो बघायचं यंत्र फोटोच्या आधी तयार होतं!

व्हीटस्टन यांचं यंत्र साधं होतं. काटकोनात जोडलेले दोन आरसे आणि दोन बाजूंना उभी केलेली दोन चित्रं. आरशांना नाक टेकवून बघितलं की एकेका डोळ्याला एकेक चित्र दिसायचं. स्टिरिओस्कोप हे नावही त्यांनीच दिलं. या चित्रांसाठी त्यांनी मुद्दाम नुसत्या रेषांच्या आकृत्या वापरल्या, घन, शंकू अशा. छायाप्रकाश भरलेली चित्रं घेतली असती तर लोक म्हणाले असते की उठाव सावल्यांमुळे दिसतोय. रेषांना सावली नसते. तरीही घन कागदाबाहेर आला, याचा अर्थ उठावाला दोन चित्रांमधला फरक पुरेसा आहे. माणसं हजारो वर्षं दोन डोळ्यांनी बघत होती, लिओनार्दो दा विंचीसारख्या चित्रकाराने दोन डोळ्यांना दिसणाऱ्या फरकाची नोंदही केली होती, पण त्या फरकातूनच खोली घडते हे इतकं नेमकं सिद्ध केलं ते व्हीटस्टन यांनी.

फोटोग्राफी आल्यावर त्यांनी लगेच ओळखीच्या छायाचित्रकारांकडून जोड्या काढून घेतल्या. हेन्री कॉलन यांनी १८४१ मध्ये गणिती चार्ल्स बॅबेज यांचं असं जोडीचं व्यक्तिचित्र काढलं.

मग ब्रूस्टर यांचं नाव का घेतात?

आरशांचं यंत्र टेबलभर जागा घ्यायचं. स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर, ज्यांनी कॅलिडोस्कोप शोधला तेच, यांनी १८४९ मध्ये दोन भिंगांचं आटोपशीर डबीसारखं यंत्र मांडलं. पॅरिसच्या ज्यूल द्युबोस्क यांनी ते नीट बनवलं आणि १८५१ च्या लंडनमधल्या मोठ्या प्रदर्शनात ठेवलं. राणी व्हिक्टोरियाला ते आवडलं, आणि मागणीचा पूर आला. पुढे व्हीटस्टन आणि ब्रूस्टर यांच्यात श्रेयावरून वर्तमानपत्रातून जाहीर वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे: तत्त्व व्हीटस्टन यांचं, हातात मावणारी डबी ब्रूस्टर यांची.

घराघरांत हे पोचलं कसं?

१८५४ मध्ये लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी सुरू झाली. स्टिरिओस्कोप नाही असं एकही घर नको, अशी तिची घोषणा होती. पण खरा स्वस्त मार्ग अमेरिकेत सापडला. बोस्टनचे डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडल होम्स यांनी १८६१ च्या सुमारास लाकडी दांडीचा, पुढे-मागे सरकणाऱ्या पट्टीचा हातातला स्टिरिओस्कोप तयार केला आणि त्याचं पेटंट मुद्दाम घेतलं नाही. त्यामुळे कुणीही तो बनवू शकलं. आज जुन्या बाजारात जो स्टिरिओस्कोप दिसतो तो बहुतेक वेळा याच घाटाचा असतो.

त्यात लावायची कार्डं साधारण साडेतीन इंच गुणिले सात इंच मापाची. अंडरवुड अँड अंडरवुड आणि १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावी निघालेली कीस्टोन व्ह्यू कंपनी या दोघांनी जगभर छायाचित्रकार पाठवले आणि शंभर-शंभर कार्डांचे संच पेटीत घालून विकले. कीस्टोनने शाळांसाठी वेगळे संच काढले. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ साली अँटिएटमच्या रणभूमीवर अलेक्झांडर गार्डनर यांनी काढलेले मृत सैनिकांचे फोटो आज पुस्तकांत एकेरी छापलेले दिसतात, पण त्यांतले बरेचसे मुळात स्टिरिओ जोड्या आहेत. त्या जोडीने बघितल्या की जमिनीवरचा माणूस आणि मागचं कुंपण यांच्यामधली मोकळी जागा अंगावर येते. एकेरी छपाईत ती जागाच नाहीशी होते.

भारताची, मुंबईची अशी कार्डं आहेत का?

आहेत, आणि मोलाची आहेत. अंडरवुडसाठी जेम्स रिकाल्टन हे अमेरिकन शिक्षक भारतभर फिरले. त्यांच्या शंभर दृश्यांच्या भारतसंचात मुंबईही आहे. परदेशी माणसाने परदेशी गिऱ्हाइकासाठी टिपलेलं हे जग आहे. निवड त्यांची, मथळे त्यांचे, आणि काही मथळे वाचून राग येतो. पण रस्त्यावरची माणसं, गाड्या, बांधकामं एकामागे एक कशी उभी होती ते या कार्डांइतकं क्वचितच कुठे कळतं. मथळा झाकून बघावं असं मी सुचवते.

एवढं लोकप्रिय होतं, तर मागे का पडलं?

मासिकांत आणि वर्तमानपत्रांत फोटो छापता येऊ लागले, चित्रपोस्टकार्डं आली, मग सिनेमा आणि रेडिओ. डोळ्याला यंत्र लावून एकट्याने बघायची गोष्ट दिवाणखान्यातून गेली.

तरी ती पुन्हा पुन्हा परत आली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्याच्या सुमारास व्ह्यू-मास्टर आलं. गोल चकती, तिच्यात १४ छोट्या रंगीत फिल्म, म्हणजे सात दृश्यं. आपल्याकडे कित्येक घरांत सुट्टीतल्या दुपारी भावंडांनी त्याचा खटका आळीपाळीने ओढलेला आहे. १९४७ मध्ये स्टिरिओ रिअलिस्ट हा दोन भिंगांचा कॅमेरा निघाला आणि हौशी माणसं घरच्या जोड्या काढू लागली. २००९ मध्ये फुजीने दोन भिंगांचा डिजिटल कॅमेरा आणला, पडद्यावर चष्म्याशिवाय खोली दाखवणारा.

सुरुवात करायला खास कॅमेरा लागतो का?

मुळीच नाही. मोबाइल पुरतो, पण समोरचं काही हलत नसलं पाहिजे.

पाय थोडे फाकवून उभे राहा. शरीराचा भार डाव्या पायावर टाकून एक फोटो काढा, मग भार उजव्या पायावर घेऊन दुसरा. मोबाइल तेवढ्यात सहा-सात सेंटिमीटर सरकतो. इतकंच! मात्र मोबाइल वळवायचा नाही, फक्त सरकवायचा. नवशिक्यांचा हात इथेच चुकतो. सरकताना विषय मधोमध ठेवण्यासाठी ते मोबाइल नकळत आत वळवतात, आणि मग फोटोंचे कोपरे जुळत नाहीत. उंचीही बदलू द्यायची नाही. पडद्यावर जाळी चालू करा आणि क्षितिज किंवा एखादी आडवी कड दोन्ही वेळा त्याच रेषेवर ठेवा. फोकस आणि उजेड एकदाच बोटाने दाबून पक्का करा, नाहीतर मोबाइल दोन्ही फोटोंना वेगळा रंग देतो.

घरी बसून करायचं असेल तर टेबलाच्या कडेला एक पट्टी चिकटवा आणि तिला टेकवून मोबाइल सरकवा. पितळी भांडी, ताटातली रांगोळी, कुंडीतलं रोप यांच्यासाठी मी आजही हेच करते.

दोन फोटोंमध्ये अंतर किती ठेवायचं?

जुना ढोबळ नियम आहे: सगळ्यात जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग. वस्तू दोन मीटरवर असेल तर साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे जवळपास आपल्या डोळ्यांइतकं. तीन मीटरवर असेल तर दहा सेंटिमीटर. फूल तीस सेंटिमीटरवर असेल तर फक्त एक सेंटिमीटर. जवळच्या वस्तूंना लोक हटकून जास्त अंतर देतात आणि मग ते फूल जुळता जुळत नाही. मागे अगदी लांबची पार्श्वभूमी नसेल तर थोडं जास्त अंतर चालतं.

आणि तीनशे मीटरवरचा डोंगर? दहा मीटर. महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी दरी बघितली तर पलीकडच्या कड्यांचे थर एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतात, कारण एवढ्या अंतरावर डोळ्यांमधले ६५ मिलिमीटर काहीच नाहीत. दहा-वीस पावलं बाजूला सरकून जोडी काढली की थर सुटे होतात. डोंगर मात्र थोडा खेळण्यातल्यासारखा दिसतो, कारण तुमच्या डोळ्यांमधलं अंतर राक्षसाइतकं झालेलं असतं. काहींना हे खोटं वाटतं. मला नाही वाटत. दरीची घडण समजून घ्यायला याहून चांगली रीत मला माहीत नाही.

चालत्या गाडीतून किंवा विमानातून काढता येईल का?

येईल, गाडीच तुमच्यासाठी सरकते. ताशी साठ किलोमीटरने जाणारी रेल्वे एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. पाचशे मीटरवरच्या टेकडीसाठी हे अंतर अगदी नेमकं आहे. जवळ खांब किंवा झाडं आली तर मात्र जोडी फुकट जाते. विमान सेकंदाला दोनशे मीटरहून जास्त जातं, त्यामुळे लागोपाठ काढलेल्या दोन फोटोंत ढगांचे मनोरे उभे राहतात.

क्रम लक्षात ठेवा. प्रवासाच्या दिशेने तोंड करून डाव्या खिडकीत बसला असाल तर पहिला फोटो डाव्या डोळ्याचा. उजव्या खिडकीतून काढलात तर पहिला फोटो उजव्या डोळ्याचा.

कोणते विषय चांगले उठून दिसतात?

ज्यांत पुढे-मागे थर आहेत ते. वडाच्या पारंब्या, पावसाळ्यातली रानटी झुडपं, दीपमाळेचे हात, कोळ्यांची वाळत घातलेली जाळी, जुन्या बाजारातला पसारा. एकेरी फोटोत पारंब्यांचा नुसता गुंता दिसतो. जोडीत प्रत्येक पारंबी आपापल्या जागी लोंबते. याउलट जो सूर्यास्त एकेरी फोटोत सुंदर दिसतो, तो स्टिरिओत बहुधा काहीच देत नाही, कारण त्यात जवळचं काही नसतं. पाणी, धूर, वाऱ्यावर हलणारी पानं एका मोबाइलने जमत नाहीत. त्यासाठी दोन कॅमेरे एकाच क्षणी उघडावे लागतात.

बघताना डोकं का दुखतं?

बहुतेक वेळा एक फोटो दुसऱ्यापेक्षा किंचित वर किंवा तिरका असतो. डोळे आडवे जवळ-लांब होऊ शकतात, पण एक वर आणि एक खाली हे त्यांना झेपत नाही. जपानच्या मासुजी सुतो यांनी लिहिलेलं स्टिरिओफोटो मेकर हे मोफत सॉफ्टवेअर ही जुळवाजुळव आपोआप करून देतं. मी कुठलीही जोडी त्यातून काढल्याशिवाय दाखवत नाही.

दुसरं कारण चौकटीचं. फोटोची चौकट ही खिडकी समजा. दृश्य खिडकीच्या मागे असावं. एखादी वस्तू खिडकीच्या पुढे येते आणि तरी चौकटीच्या कडेने कापली जाते, तेव्हा डोळ्यांना ते पटत नाही. दोन्ही फोटो आडवे थोडे कापून दृश्य मागे ढकलता येतं.

कोणतंही यंत्र न वापरता बघता येतं का?

येतं, सराव हवा. दोन रीती आहेत.

समांतर रीतीत डावा फोटो डावीकडे ठेवायचा आणि पलीकडे दूर कुठेतरी बघतोय अशा थाटात नजर सैल सोडायची. दोनाचे तीन होतात, त्यातला मधला उठावाचा. छोट्या फोटोंनाच हे जमतं, कारण दोन्ही चित्रांच्या मध्यांमधलं अंतर डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा फार जास्त नको. तिरळ्या रीतीत फोटोंची अदलाबदल करायची, चेहरा आणि पडदा यांच्या मधोमध पेन धरून त्याच्या टोकाकडे बघायचं, आणि मागे तीन चित्रं दिसू लागली की हळूच मधल्यावर लक्ष न्यायचं. मोठ्या पडद्यावर हीच रीत चालते. दिवसातून दोन-तीन मिनिटं पुरे, डोळे ताणू नका. नाहीच जमलं तर मोबाइल आत सरकवायचा पुठ्ठ्याचा भिंगवाला डबा घ्या.

लाल-निळ्या चष्म्याचं काय? आणि थिएटरमधल्या चष्म्याचं?

रंगीत चष्म्याची कल्पना जर्मनीच्या विल्हेल्म रोलमान यांनी १८५३ मध्ये मांडली, आणि फ्रान्सच्या लुई द्युको द्यु ओरों यांनी १८९१ मध्ये तशी छपाई केली. आज डाव्या फोटोतला लाल रंग आणि उजव्या फोटोतले हिरवा-निळा एकत्र करतात. लाल काच डाव्या डोळ्यावर. स्वस्त आणि छापायला सोपी अशी ही रीत आहे, पण लाल साडी किंवा कुंकू आलं की एका डोळ्याला ते उजळ आणि दुसऱ्याला काळं दिसतं, आणि रंग लुकलुकतो. म्हणून अशा चित्रांसाठी मी फोटो कृष्णधवल करून घेते.

थिएटरमधला चष्मा रंग न बदलता प्रकाशाच्या कंपनाची दिशा वेगळी करतो. १९८४ मध्ये मल्याळममध्ये आलेला भारताचा पहिला थ्रीडी चित्रपट आपल्याकडे अनेकांनी पुढे ‘छोटा चेतन’ या हिंदी रूपात पाहिला, तो अशाच चष्म्यातून. त्यासाठी पडदाही चंदेरी लागतो. साध्या पांढऱ्या पडद्यावर आपटल्यावर कंपनाची दिशा टिकत नाही.

माझ्या फोटोत नाक खोल आणि भिंत पुढे दिसते. असं का?

डावा-उजवा उलटे लागले आहेत. अदलाबदल करा.

मोबाइल किंवा एआय एका फोटोवरून थ्रीडी करून देतं. तेही चालेल ना?

गंमत म्हणून चालेल, पण मी त्याला स्टिरिओ फोटो म्हणणार नाही. दुसऱ्या डोळ्याला खांबाच्या मागचं जे थोडं जास्त दिसलं असतं, ते कॅमेऱ्याने टिपलेलंच नसतं. यंत्र ते अंदाजाने भरतं. माणसाचा चेहरा मुखवट्यासारखा आणि केसांच्या कडा चिकटवल्यासारख्या दिसतात ते म्हणूनच. दुसरा फोटो काढायला दोन सेकंद लागतात. ते द्या.

मला काहीच खोली दिसत नाही. माझ्यात काही दोष आहे का?

आधी जोडी तपासा, मग चष्मा. तरीही दिसलं नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. लहानपणी तिरळेपणा किंवा एक डोळा मंद असलेल्या काही माणसांमध्ये दोन डोळ्यांची ही जुळणी तयारच होत नाही. ती माणसं सावल्या, आकार आणि हालचाल यांवरून अंतर ओळखतात आणि व्यवस्थित वावरतात. मुलांची ही दृष्टी तपासायला डॉक्टर एका मोठ्या माशीचं चित्र दाखवतात. खास चष्म्यातून बघणारं मूल माशीचे पंख कागदाच्या वर हवेत चिमटीत धरायला जातं. लहान वयात हे लक्षात आलं तर उपचार अधिक चांगले होतात, म्हणून मुलाला फोटो दिसत नसतील तर तपासणी पुढे ढकलू नका.

घरात जुनं कार्ड सापडलं आहे. काय करू?

कडेने धरा. लॅमिनेशन मुळीच करू नका. कार्ड वाकलेलं असेल तर दाबून सरळ करायला जाऊ नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बरीच कार्डं मुद्दाम थोडी वाकवूनच बनवायचे. मागचा मजकूर आणि पुठ्ठ्याच्या कडांसकट पूर्ण कार्ड किमान ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, एकच अर्धं कापून ठेवू नका. आमच्या कोकणातल्या दमट हवेत बुरशी पटकन धरते. साध्या प्लॅस्टिकपेक्षा आम्ल नसलेल्या कागदाचं पाकीट चांगलं.

कार्ड खरं स्टिरिओ आहे का हेही बघा. एकच फोटो दोनदा चिकटवलेली कार्डंही विकली जात. जवळची वस्तू आणि मागचा खांब यांमधलं अंतर दोन्ही बाजूंना पट्टीने मोजा. तंतोतंत सारखं भरलं तर ती जोडी नाही.

आज याचा गंभीर उपयोग कुठे होतो?

नकाशांसाठी. दोन जागांवरून काढलेल्या हवाई फोटोंतून डोंगराची उंची मोजता येते. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे होते, एक २६ अंश पुढे झुकलेला आणि एक ५ अंश मागे. उपग्रह पुढे सरकला की साधारण पन्नास सेकंदांच्या फरकाने तीच जमीन दुसऱ्या कॅमेऱ्याला दिसायची. रेल्वेच्या खिडकीतून आपण करतो तेच, सहाशेहून अधिक किलोमीटर उंचीवरून. २००८ मधल्या चांद्रयान-१ च्या नकाशा कॅमेऱ्याने पुढे, सरळ खाली आणि मागे अशा तीन दिशांनी चंद्राची जमीन टिपली.

चंद्राचा स्टिरिओ फोटो घरून काढता येईल का?

येतो, आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर लांब आहे. तिसाव्या भागाचा नियम लावला तर दोन फोटोंमध्ये १२,८०० किलोमीटर अंतर हवं, म्हणजे जवळपास आख्ख्या पृथ्वीचा व्यास. एका माणसाला ते कसं जमणार?

सरकायचं काम चंद्रावर सोपवायचं. चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो असं आपण म्हणतो, पण तो किंचित डुलतो. कधी पूर्वेची कड थोडी जास्त दिसते, कधी पश्चिमेची. या डुलण्यामुळे वेगवेगळ्या वेळी मिळून त्याचा ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला दिसतो. इंग्लंडचे वॉरेन डे ला रू यांनी १८५८ मध्ये नेमका याचाच फायदा घेऊन दोन वेगळ्या वेळी काढलेल्या फोटोंची जोडी लावली, आणि चंद्र पहिल्यांदाच ताटलीऐवजी चेंडू दिसला.

तुम्हाला दोन फोटो हवेत. ते वेगवेगळ्या महिन्यांतले, पण कला सारखीच असलेले हवेत, नाहीतर सावल्या जुळत नाहीत. एखाद्या पौर्णिमेपासून सुरुवात करा आणि पुढच्या चार-पाच पौर्णिमांना त्याच कॅमेऱ्याने, त्याच झूमवर फोटो काढत राहा. मग काळे डाग एका रेषेत येतील असे फोटो फिरवून घ्या आणि कोणते दोन एकमेकांपासून सर्वांत वेगळे डुललेले आहेत ते शोधा. चंद्र वाडग्यासारखा खोल दिसला तर डावा-उजवा बदला. पावसाळ्याच्या महिन्यांत आकाश मिळत नाही, म्हणून मी कोजागरीला पहिला फोटो घेते आणि मार्चपर्यंत थांबते.